हसवणारी लुसी आणि तिची सही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचत गोळा झाली, हप्ते झाले, वही लिहून झाली. बँकेचे साहेब यायचे होते, म्हणून ओसरीवर त्यांची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात एका ताईंच्या लेकीने मोबाइलवर जुना, काळा-पांढरा व्हिडिओ लावला. दोन बाया, डोक्यावर उंच पांढऱ्या टोप्या, चॉकलेटच्या कारखान्यात पहिल्या दिवशी कामाला लागलेल्या. समोरच्या पट्ट्यावरून एकेक चॉकलेट येतंय आणि ते कागदात गुंडाळायचंय. मुकादमीण दम देऊन गेलीये की एक जरी चॉकलेट न गुंडाळता पुढं गेलं तरी घरी पाठवीन. पट्टा आधी हळू चालतो, मग जोरात. बायांचे हात पुरेनात. मग चॉकलेट तोंडात कोंब, टोपीखाली लपव, झग्यात टाक. मुकादमीण परत येते, बघते तर पट्टा रिकामा. खूश होते आणि ओरडून सांगते, पट्टा अजून जोरात सोडा!

भाषा आमच्यातल्या एकीलाही कळत नव्हती. पण गटातल्या सत्तरीच्या काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "अगं, कांदा निवडायच्या शेडवर आपलं असंच व्हायचं की! जितकं उरकावं तितकं पुढ्यात आणून ओतायचे." आणि मग विचारलं, "पण ही बाई कोण गं?"

बँकेचे साहेब आले आणि तो प्रश्न तसाच राहिला. आम्ही मात्र तो घरी घेऊन आलो. शोधलं, वाचलं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय. ऐकायला वेळ लागेल, तोवर शेंगा फोडायच्या असतील तर घ्या पुढ्यात.

त्या बाईचं नाव लुसिल बॉल. सगळं जग तिला लुसी म्हणतं. आणि तो चॉकलेटचा भाग अमेरिकेत टीव्हीवर दाखवला गेला १५ सप्टेंबर १९५२ रोजी. म्हणजे आपल्या मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायच्या वीस वर्षं आधी.

लुसीचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जेम्सटाउन नावाचं गाव आहे, तिथला. वडील टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते. १९१५ साली विषमज्वराने ते गेले. लुसी तेव्हा साडेतीन वर्षांची, आणि आई पोटुशी. काही महिन्यांनी धाकटा भाऊ फ्रेड जन्मला. बाप नसलेल्या लेकरांचं जे आपल्याकडे होतं तेच तिथंही झालं. आईने कामं धरली आणि मुलं आजी-आजोबांकडे जवळच्याच सेलोरॉन गावात वाढली. आजोबा मुलांना नाटकं, नकला, गाण्यांचे खेळ बघायला न्यायचे. लुसीला त्याचं वेड तिथंच लागलं.

पंधराव्या वर्षी ती न्यूयॉर्क शहरात नाटकाच्या शाळेत गेली. तिथं इतकी बुजली की तोंडातून शब्द फुटेना. शिक्षकांनी आईला कळवलं की हिच्यावर पैसा घालवू नका, हिच्यात काही नाही. त्याच शाळेत बेटी डेव्हिस नावाची मुलगी होती, पुढे फार मोठी नटी झाली. सगळ्यांचं कौतुक तिच्या वाट्याला. लुसी परत घरी.

घरी आली तर दुसरंच संकट. १९२७ च्या उन्हाळ्यात आजोबांनी नातवाला बंदूक आणून दिली. अंगणात नेम धरायचं शिकवताना शेजारचं एक लहान मूल मधे आलं. गोळी पाठीत लागली आणि ते मूल कायमचं अपंग झालं. कोर्टकचेरी झाली. त्यात आजोबांचं घर गेलं. एका दिवसाची चूक, पण त्या मुलाचं आयुष्य आणि या कुटुंबाचं छप्पर दोन्ही गेलं. लुसी तेव्हा सोळाव्या वर्षात पाऊल टाकत होती. ज्यांनी कर्जापायी किंवा कज्ज्यापायी घर जाताना बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे ती परत न्यूयॉर्कला गेली. कपड्यांच्या दुकानात नवे कपडे अंगावर घालून गिऱ्हाइकांपुढे चालून दाखवायचं काम केलं, जाहिरातींसाठी फोटो दिले. १९३३ साली एका सिनेमात नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात काम मिळालं म्हणून हॉलीवूडला गेली आणि तिथंच राहिली. दहा-पंधरा वर्षं ती सिनेमात होती. पण कशी? कुठं फुलं विकणारी, कुठं मैत्रीण, कुठं दोन वाक्यं. कमी खर्चाच्या सिनेमांत थोडी मोठी कामं मिळाली. मूळचे तपकिरी केस कंपनीने सांगितलं म्हणून लालभडक रंगवले. पण पहिल्या रांगेत बसायची जागा काही मिळाली नाही.

१९४० साली एका सिनेमाच्या वेळी तिला देसी अर्नाझ भेटला. क्यूबा देशातला. तिथं राज्य उलथलं तेव्हा त्याच्या कुटुंबाचं सगळं गेलं आणि ते अमेरिकेत आले. हा गाणं-बजावणं करून पोट भरणारा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला लग्न झालं. लग्न झालं, पण संसार होईना. तो आपला बाजा घेऊन गावोगाव, ही हॉलीवूडला. कामासाठी बाहेर असलेल्या नवऱ्याचं घर कसं असतं ते आपल्या भागातल्या निम्म्या घरांना ठाऊक आहे. मूल व्हावं ही दोघांची ओढ होती, तेही होत नव्हतं.

आता आपण रेडिओवर बोलतोय म्हणून हे मुद्दाम सांगतो. लुसीला तिची खरी वाट सापडली ती रेडिओवर. १९४८ साली सीबीएस नावाच्या कंपनीने तिला रेडिओवर एका बायकोचं विनोदी काम दिलं. समोर प्रेक्षक बसवून कार्यक्रम व्हायचा. तिथं तिच्या लक्षात आलं की समोर माणसं बसलेली असली की आपल्याला काहीतरी होतं. चेहरा बोलायला लागतो, हात बोलायला लागतात. रेडिओ ऐकणाऱ्याला ते दिसत नव्हतं, पण समोर बसलेली माणसं लोटपोट हसायची आणि ते हसणं रेडिओतून घरोघर पोचायचं. ज्या मुलीला शाळेने मुकी म्हणून परत पाठवलं तिला वयाच्या सदतिसाव्या वर्षी आवाज सापडला.

तिथंच तिला लिहिणारी माणसंही भेटली. जेस ऑपनहायमर, बॉब कॅरल आणि मॅडलिन प्यू. मॅडलिन ही बाई. त्या काळी विनोदी कार्यक्रम लिहिणाऱ्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या. लुसीला एखादी अवघड करामत करायची असली की मॅडलिन आधी स्वतः करून बघायची. बाईच्या अंगाला हे झेपतं का, लागत तर नाही ना, हे बघूनच कागदावर लिहायची. लुसीच्या यशात या बाईचा फार मोठा वाटा आहे.

रेडिओवरचं नाव झाल्यावर कंपनी म्हणाली, आता हेच टीव्हीवर करू. लुसीने एक अट घातली. माझ्या नवऱ्याचं काम माझा खराखुरा नवराच करील. कंपनीचे लोक नाही म्हणाले. अमेरिकन बाई आणि क्यूबाचा बोलीत हेल असलेला माणूस, हे नवरा-बायको म्हणून लोकांना पटायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. लुसी-देसीने वाद घातला नाही. १९५० साली दोघांनी मिळून खेळ बसवला आणि शहरोशहरी करून दाखवला. लोकांनी डोक्यावर घेतला. कंपनीचं तोंड बंद झालं. त्याच वर्षी दोघांनी आपली कंपनी काढली. देसी आणि लुसिल, दोन्ही नावं जोडून 'देसिलू'.

आता या गोष्टीतली आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा आली. नीट ऐका.

त्या काळी अमेरिकेत बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट दाखवायचे. कार्यक्रम झाला की झाला. लांबच्या गावांसाठी पडद्यावरूनच त्याची एक नक्कल काढायचे, ती धुरकट दिसायची. जाहिरात देणाऱ्या सिगारेट कंपनीला वाटत होतं की लुसीने न्यूयॉर्कला यावं. लुसी-देसीला हॉलीवूड सोडायचं नव्हतं. घर तिथं, आणि तेव्हा लुसी पोटुशी होती. त्यांनी मार्ग काढला. कार्यक्रम सिनेमासारखा फिल्मवर घ्यायचा, एकदम तीन कॅमेरे लावायचे आणि समोर प्रेक्षकही बसवायचे. म्हणजे हसणं खरं आणि चित्र स्वच्छ. कॅमेऱ्याचं काम बघायला कार्ल फ्रॉइंड नावाचा जर्मनीत नाव कमावलेला जाणकार आणला. पण याला खर्च फार. कंपनी कुरकुरू लागली.

तेव्हा दोघं म्हणाले, आमच्या पगारातून दर आठवड्याला हजार डॉलर कापा. पण एकदा दाखवून झाल्यावर त्या फिल्मची मालकी आमची राहील.

कंपनीने लगेच मान्य केलं. एकदा दाखवलेला कार्यक्रम म्हणजे शिळी भाकरी, ती पुन्हा कोण खाणार, असा तेव्हाचा हिशेब. कागद झाला, सह्या झाल्या.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिला भाग लागला. कार्यक्रमाचं नाव 'आय लव्ह लुसी'. लुसी तेव्हा चाळीस वर्षांची, तीन महिन्यांच्या लेकीची आई. ज्या वयात नटीला आता घरी बसा म्हणतात त्या वयात हिचं खरं काम सुरू झालं. सहा वर्षांत १८० भाग झाले. त्यातली चार वर्षं तो देशातला सगळ्यात जास्त बघितला जाणारा कार्यक्रम होता.

कार्यक्रमात होतं तरी काय? एक साधी गृहिणी, तिला नवऱ्यासारखं रंगमंचावर जायचंय आणि नवरा जाऊ देत नाही. घरमालकीण एथेल ही तिची जिवलग मैत्रीण. व्हिव्हियन व्हान्स नावाच्या नटीने ती केली. लुसी काहीतरी खटाटोप करणार, एथेल आधी नको म्हणणार आणि मग सोबत जाणारच. दर वेळी फसायचं, दर वेळी पुन्हा उठायचं. आमच्या गटांतल्या जोड्या डोळ्यांपुढे आल्या.

मघाशी सांगितलेला चॉकलेटचा भाग पूर्ण बघितला तर त्याची सुरुवात पैशातूनच आहे. लुसीच्या खात्यात पैसे नाहीत, तरी तिने चेक दिलाय. चेकच्या मागं बँकेतल्या माणसाला प्रेमाने लिहिलंय की बाबा, हा पुढच्या महिन्यापर्यंत वटवू नको! नवरा चिडतो. पैसे कमवायला काय लागतं ते तुला काय ठाऊक, असं होतं. मग पैज. बायका कामावर जाणार, नवरे घर बघणार. बायका चॉकलेटच्या पट्ट्यावर फजीत होतात. आणि घरी? नवऱ्याने भात लावलाय, माणशी किती तांदूळ घ्यावेत याचा पत्ता नाही. भात पातेल्यातून उतू जातो, चुलीवरून खाली, जमिनीवर भातच भात. हे बघून आमच्या गटात जे हसू झालं ते गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल.

त्या भागात चॉकलेट हाताने बुडवून करणारी एक बाई आहे. ती नटी नव्हती, खऱ्या चॉकलेटच्या दुकानात तेच काम करणारी होती. लुसीचं सगळं काम असंच. जी गोष्ट हातात घ्यायची ती आधी शिकायची. द्राक्षं तुडवायची असोत की औषधाची जाहिरात करायची असो, चमचा कुठं, बाटली कुठं, पाय कुठं घसरणार, हे तालमीत घोटून घोटून पक्कं करायची. पडद्यावर ती वेंधळी दिसते. वेंधळेपणा इतका बिनचूक करायला किती कष्ट लागतात ते, ज्यांनी एकदा तरी पथनाट्यात काम केलंय त्यांना कळेल. स्वतःबद्दल ती सांगायची की मी विनोदी नाही, मी धीट आहे.

१९५२ मध्ये लुसीला पुन्हा दिवस गेले. आता टीव्हीवर काय करायचं? पोट तर दिसणार. कंपनी म्हणाली, खुर्चीमागं, टेबलामागं उभं राहून लपवा. सिगारेट कंपनीही तयार नव्हती. त्या काळी टीव्हीवरच्या नवरा-बायकोचे पलंगसुद्धा वेगवेगळे दाखवायचे! देसीने थेट सिगारेट कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं आणि परवानगी मिळवली. लुसीचं बाळंतपण कथेतच घेतलं. पण 'गरोदर' हा सरळ शब्द वापरायचा नाही, अशी अट. तो शब्द टाळून 'वाट बघतेय' असं म्हणायचं. प्रत्येक भागाचा कागद एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि एक ज्यू धर्मगुरू वाचून बघायचे. आता आपण हसतो, पण आपल्याकडेही कुठं सरळ बोलतो? 'दिवस गेलेत', 'पाय जड झालेत', 'गोड बातमी आहे'. अजूनही नव्या सुनेचं नाव सरकारी दवाखान्यात नोंदवायला सांगितलं की घरचे इकडे-तिकडे बघतात.

१९ जानेवारी १९५३ ला टीव्हीवरच्या लुसीला मुलगा झाला. आणि त्याच दिवशी खऱ्या लुसीलाही शस्त्रक्रिया होऊन मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग बघितला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, तो टीव्हीवर त्याहून कमी लोकांनी पाहिला. एका बाळंतिणीपुढे राष्ट्राध्यक्ष मागे पडले!

एवढं कौतुक सांगितलं, आता खटकलेलंही सांगतो. त्या कार्यक्रमात लुसी पैशासाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. चूक झाली की त्याला घाबरून लपवते. काही भागांत तर नवरा तिला लहान पोरासारखी आडवी घालून फटके देतो आणि समोरचे लोक हसतात. आम्ही ते बघितलं तेव्हा हसलो नाही. ज्या गटात आदल्याच आठवड्यात एकीच्या पाठीवरचे वळ बघितलेत, तिथं कुणाला हसू येईल? तेव्हा तिथं ते चालत होतं. काल कशाला हसत होते आणि आज कशाला हसू येत नाही, हासुद्धा इतिहासच आहे.

गंमत अशी की पडद्यावरची लुसी नवऱ्याला विचारल्याशिवाय एक पर्स घेऊ शकत नव्हती, आणि पडद्यामागची लुसी कंपनीची अर्धी मालकीण होती.

त्याच १९५३ च्या सप्टेंबरमध्ये तिच्यावर मोठं संकट आलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांना शोधून काढायची मोहीम चालू होती. नुसत्या संशयावरून कितीतरी कलावंतांची कामं गेली होती. लुसीचा एक जुना कागद सापडला. १९३६ साली मतदार म्हणून नाव नोंदवताना तिने कम्युनिस्ट पक्षाकडे नोंद केली होती. तिने चौकशीत सांगितलं की आजोबा त्या विचारांचे होते, त्यांचं मन राखायला केलं. घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितलं, पोरीने सही केली. आणि १७ वर्षांनी त्या सहीचा जाब तिला एकटीला द्यावा लागला.

मैत्रिणींनो, इथं आम्ही वाचायचं थांबलो होतो. आपल्यातल्या किती जणींनी अशा सह्या केल्यात? 'इथं कर सही', 'इथं अंगठा दे'. जमिनीच्या कागदावर, जामीनदार म्हणून, कोऱ्या चेकवर. लुसी वाचली, कारण देसी कार्यक्रमाआधी लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की हिचं लाल काय असेल तर ते केस, आणि तेही रंगवलेले! लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौकशीवाल्यांनीही प्रकरण मिटवलं. सगळ्यांच्या नशिबी असं कुणी उभं राहत नाही.

आता ती शिळी भाकरी. जे भाग एकदा दाखवून संपले असं कंपनीला वाटत होतं ते लोकांना पुन्हा बघायचे होते. पुन्हा दाखवायचे तर मालकाला विचारायला पाहिजे. मालक लुसी-देसी. शेवटी त्याच कंपनीने ते हक्क चाळीस लाखांहून जास्त डॉलर मोजून परत विकत घेतले. आठवड्याला हजार डॉलर कमी घेतल्याचं हे फळ. आणि १९५७ च्या अखेरीस देसिलूने आरकेओ नावाचा अख्खा स्टुडिओ साठ लाखांवर डॉलरला विकत घेतला. हा तोच स्टुडिओ, जिथं लुसी कधीकाळी पगारावर छोटी कामं करत होती, आणि जिथं तिला देसी भेटला होता.

एक गोष्ट मात्र खरेपणाने सांगायला हवी. ते भाग त्यानंतरही वर्षानुवर्षं, देशोदेशी दाखवले गेले. आजही दाखवतात. विकलेल्या हक्काची पुढची कमाई विकत घेणाऱ्याची झाली. म्हणजे मालकी ठेवली तेव्हाही हिशेब होता, आणि विकली तेव्हाही. विकावं की ठेवावं याला एकच उत्तर नाही. पण विकायचं की नाही हे ठरवायला आधी ती वस्तू आपल्या नावावर असावी लागते.

घरात मात्र सगळं बिघडत होतं. देसीचं पिणं, बाहेरच्या बायका. हसवणाऱ्या घरात रोज भांडण. २ मार्च १९६० ला, देसीच्या वाढदिवशी, दोघांनी शेवटचा भाग केला. दुसऱ्या दिवशी लुसीने कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिला. वीस वर्षांचा संसार. पुढच्या वर्षी तिने गॅरी मॉर्टन या विनोदी कलाकाराशी लग्न केलं. देसीशी कडूपणा मात्र धरला नाही.

१९६२ मध्ये तिने एक मोठा निर्णय घेतला. देसीला कंपनी चालवणं झेपेना. तेव्हा लुसीने कर्ज काढून त्याचा सगळा हिस्सा सुमारे २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि स्वतः देसिलूची अध्यक्ष झाली. एवढ्या मोठ्या टीव्ही स्टुडिओची प्रमुख झालेली ती पहिली बाई. दिवसा कॅमेऱ्यापुढं तोंडावर केक फासून घ्यायचा आणि नंतर संचालकांच्या बैठकीत ताळेबंद बघायचा. नव्या कार्यक्रमात तिने विधवेचं काम केलं आणि व्हिव्हियनने घटस्फोटितेचं. नवरा नसलेल्या दोन बाया मुलं घेऊन एका घरात राहतात. त्या काळच्या टीव्हीवर घटस्फोटित बाई नेहमीच्या पात्रात दिसणं ही नवलाचीच गोष्ट होती.

कंपनीत दोन नव्या कार्यक्रमांचे बेत आले होते, 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल'. संचालक म्हणत होते खर्च झेपणार नाही. लुसीने अध्यक्ष म्हणून पाठिंबा दिला. १९६६ मध्ये दोन्ही सुरू झाले आणि जगभर गाजले. त्यांचे सिनेमे आपली पोरं अजून मोबाइलवर बघतात. १९६७ मध्ये तिने कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरला विकली.

त्यानंतरही ती १९७४ पर्यंत टीव्हीवर होती. शेवटची वर्षं सगळीच गोड नव्हती. १९८६ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, तिने नवा कार्यक्रम काढला, तो चालला नाही, आठ भागांत बंद पडला. त्याच डिसेंबरात देसी गेला. २६ एप्रिल १९८९ ला लुसीही गेली. काही वर्षांनी मुलांनी तिच्या अस्थी जेम्सटाउनला नेल्या, आईच्या माहेरच्या माणसांशेजारी. सेलोरॉनमध्ये तिचा पुतळा बसवला, तो इतका भेसूर निघाला की लोकांनी नावं ठेवली आणि २०१६ मध्ये दुसरा बसवावा लागला. लुसीला हे कळलं असतं तर तिने त्यावर एक भाग केला असता.

आता आमच्या ओसरीवर परत येतो.

ज्या गटात तो व्हिडिओ बघितला तो गट कांदा-लसूण मसाला करतो. एक व्यापारी आले होते. म्हणाले, सगळा माल मी उचलतो, किलोमागं जास्त भाव देतो, पण पाकिटावर नाव माझं. नगद पैसा. बायांना मोह झाला, आणि मोह होणार नाही तर काय! मुलांची फी आहे, सोसायटीचं देणं आहे. पगारातून कापून घ्या असं म्हणायला लुसीकडे पगार तरी मोठा होता. आपल्या बायांना किलोमागं दहा रुपये सोडणं म्हणजे रात्रीचं तेल सोडणं. हे आम्ही विसरलो नाही, आणि कुणाला शिकवायलाही गेलो नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही लुसीची ही गोष्ट सांगितली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच सत्तरीच्या काकू म्हणाल्या, "निम्मा माल त्याला द्या, निम्म्यावर आपलं नाव छापा. नाव छापायला किती लागतं ते विचारा." ठराव तसा लिहिला. खाली अकरा सह्या झाल्या. काकूंना सही येत नव्हती, त्यांनी गेल्या वर्षीच शिकून घेतली आहे. वेळ लागतो, पण करतात. हे जमतंय की नाही ते पुढच्या वर्षीचा हिशेब सांगेल. तेव्हा फायदा झाला तर फायदा, तोटा झाला तर तोटा, याच रेडिओवर येऊन सांगू.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. गटाची कागदपत्रं बाहेर काढा. कोणत्या कागदावर कुणाचं नाव आहे, कुठं कुणाची सही आहे, हे मोठ्याने वाचून घ्या. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. कळलं नाही तर विचारा, लाजू नका. आणि काम झालं की कुणाच्या तरी मोबाइलवर तो चॉकलेटचा व्हिडिओ लावा. भाषा येत नसली तरी चालेल. आमच्या काकूंना कुठं आली?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.